चौऱ्याऐंशीव्या पानावरचा दुभाषा

पुस्तक गुरुवारी टपालानं आलं, आणि शनिवार सकाळपर्यंत बर्तोलिनींच्या ड्युसेलडॉर्फमधल्या घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. एवढा जाड ग्रंथ, चकचकीत कागद, क्लिनिकच्या शंभर वर्षांचा इतिहास, आणि तो बैठकीत फळांच्या टोपलीखाली पालथा पडलेला. सिल्वानोंनी तो आधी चाळला आणि कागद चांगला वापरलाय एवढंच म्हणाले. मग अरुणाबाईंनी चाळला, चौऱ्याऐंशीव्या पानावर थांबल्या, मिटला आणि वर टोपली ठेवली. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. हा माणूस रागावला की कागदाची, हवेची किंवा टोमॅटोची तारीफ करतो. गुरुवारपासून तिन्हींची करून झाली होती.

शनिवारी सिल्वानोंना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मंगळवारीच इटलीनं जर्मनीला फुटबॉल विश्वचषकाच्या सेमीफायनलमध्ये हरवलं होतं, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाई जिन्यात 'गुटेन मोर्गेन' जरा आखडूनच म्हणत होत्या. दुपारी तीनला कॉफीसाठी प्रोफेसर ओल्टमान्स यायचे होते. ओल्टमान्स म्हणजे फुफ्फुसांच्या त्या क्लिनिकचे आताचे प्रमुख. सिल्वानो तिथून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, पण त्यांची मुलगी धम्मदीपा तिथेच ओबरएर्त्स्टिन होती, म्हणजे साहेबांच्या खालोखालची डॉक्टर. एकोणीस तारखेला फाकुल्टेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत, तिच्या हाबिलिटात्सिओनवर मतदान होतं. तो शिक्का मिळाल्याशिवाय या देशात डॉक्टरला प्रोफेसरकीचं दार उघडत नाही, आणि त्या मतदानात ओल्टमान्स ज्या बाजूला मान हलवतील त्या बाजूला बाकीच्या अकरा माना हलत.

म्हणून अरुणाबाईंनी ठरवलं होतं की टोपली सोमवारपर्यंत हलवायची नाही. पण त्यांचा धाकटा भाऊ सुखदेव दहा वाजताच र्युसेल्सहाइमहून येऊन पोचला आणि त्यानं आल्या आल्या सफरचंद उचललं.

सुखदेवांनी तिथल्या कार कारखान्यात एकतीस वर्षं सुटे भाग तपासले होते. भाग हातात घेण्याआधी त्याच्यावरचा क्रमांक वाचायचा, ही सवय निवृत्त होऊनही सुटली नव्हती. औषधाची बाटली असो की लग्नपत्रिका, सुखदेव सगळं खालून वाचत. नागपूरला एका लग्नात त्यांनी वधूपित्याला छापखान्याची चूक दाखवून जेवणाआधीच पाहुण्यांत दोन तट पाडले होते. आता टोपली सरकली, पुस्तक उलटलं आणि चष्मा चढला.

"विपुल, इकडे ये," त्यांनी मुलाला हाक मारली.

विपुल बॉबलिंगेनच्या एका आयटी कंपनीत होता आणि बापाला गाडीतून घेऊन आला होता. तो खांद्यावरून वाकून पाहू लागला. जुना, करडा फोटो. पलंगावर उघड्या छातीचा एक कामगार. त्याच्यावर वाकलेला, पांढऱ्या कोटातला पंचविशीचा सडपातळ माणूस, कानात स्टेथोस्कोप, चकती रोग्याच्या छातीवर. मागे हात बांधून एक धिप्पाड गृहस्थ कॅमेऱ्याकडे बघताहेत. खाली छापलं होतं: 'प्रोफेसर लिंडेमान एका इटालियन पाहुण्या कामगाराची तपासणी करताना, १९६२. डावीकडे दुभाषा.'

"हे आतोबा आहेत ना?" पांढऱ्या कोटातल्या माणसावर बोट ठेवून विपुलनं विचारलं.

"नाव वाच की. दिलंय का नाव?" सुखदेवांचा आवाज अजून खाली होता. "कानात स्टेथोस्कोप घालून कोणता दुभाषा उभा राहतो रे? फुफ्फुसाची बोली जर्मनमध्ये आणत होता काय?"

अरुणाबाईंनी दार लोटून घेतलं. नवरा न्हाव्याकडे गेला होता, तेवढं बरं होतं. त्यांनी भावाला थोडक्यात सांगितलं, कारण थोडक्यात सांगितलं तरच तो ऐकत असे. सिल्वानो एकसष्ट साली इटलीतल्या पादोव्याहून डॉक्टर होऊन आले, तेव्हा त्यांची पदवी इथे मान्य व्हायची होती. परवाना हातात येईपर्यंत क्लिनिकनं त्यांना कामावर घेतलं ते दुभाषा म्हणून. पगारपत्रकावर, ओळखपत्रावर तेच. आणि या कागदी दुभाष्यानं त्या काळात ओतकामाच्या भट्टीवरची शेकडो माणसं तपासली, वाळूची धूळ फुफ्फुसात गेलेली, आणि प्रत्येकाचा श्वास किती उरलाय ते ठरवायचा तक्ता बांधला. त्या तक्त्यावरून पुढे चाळीस वर्षं कामगारांचं आजारपण मान्य होत गेलं. त्याला लिंडेमान-तक्ता म्हणतात. का, तर क्लिनिकमधून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शेफची, म्हणजे तेव्हाचे प्रमुख लिंडेमान यांची, सही हा तिथला नेम, आणि दुभाष्याच्या नावानं शोधनिबंध छापायची तर कल्पनाच कुणाला शिवली नव्हती.

"हे मला माहीत आहे, ताई," सुखदेव म्हणाले. "मी विचारतोय, दोन हजार सहा साली हे कुणी छापलं?"

विपुलला हे सगळं सोपं वाटत होतं. त्याच्या मते एक ईमेल पुरे होती, फोटो स्कॅन करून वर्तमानपत्राला, आल्झो, म्हणजे दोन पेपरांना पाठवायची, सोमवारी क्लिनिकचा फोन येईल. सुखदेव मात्र उत्तर न देता पुस्तक मागून उघडून बसले होते. शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, संपादक मंडळाची नावं होती. त्यांनी बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं.

चौथं नाव: डॉ. धम्मदीपा बर्तोलिनी.

अरुणाबाई खुर्चीत बसल्या. हे पान त्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्यानं पाहिलं असेल तो गुरुवारपासून टोमॅटोची तारीफ करत होता.

धम्मदीपा बाराला केक घेऊन आली आणि दारातच तिला कळलं. मामा उठून जयभीम म्हणाले, पण रोजच्यासारखं डोक्यावर हात ठेवला नाही. मामांच्या प्रेमाचा हिशेब तिनं लहानपणापासून पाठ केला होता. डोक्यावर हात म्हणजे सगळं ठीक, नुसतं जयभीम म्हणजे चौकशी. केक ठेवायच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली, आणि मागोमाग तिघंही गेली.

ती मराठी सगळं समजत असे आणि उत्तर जर्मनमध्ये देत असे. घरात चौतीस वर्षं हाच करार होता. त्यामुळे त्या स्वयंपाकघरातलं भांडण दोन भाषांत झालं, आणि जर्मन ऐकणाऱ्याला ते एकाच बाईचं स्वगत वाटलं असतं.

तिनं काही लपवलं नाही. मसुद्यात फोटोखालची ओळ तिनं बदलली होती, 'डॉ. सिल्वानो बर्तोलिनी रोगी तपासताना, मागे प्रोफेसर लिंडेमान' अशी. तक्त्याबद्दलही एक परिच्छेद घातला होता. ओल्टमान्सनी दोन्ही खोडलं. सेवापुस्तकात चौसष्ट सालच्या मार्चपर्यंत हुद्दा दुभाषा असाच आहे, ते म्हणाले, आणि शताब्दीचा ग्रंथ म्हणजे कुणाच्या घरचा आल्बम नाही. आवाज मुळीच न चढवता म्हणाले. आणि निघताना, असंच, एकोणीस तारखेची आठवण करून दिली.

"आणि तू गप्प बसलीस," मामा म्हणाले.

ती म्हणाली, हो, गप्प बसले. सहा वर्षांचं काम आहे.

मग सुखदेव बोलले, आणि ते एकदा बोलायला लागले की कुणी मध्ये पडत नसे. माझ्या बापाचं नाव, ते म्हणाले, शाळेच्या दाखल्यावर मास्तरानं घातलं ते असं, की ते घेऊन कुत्र्यालाही कुणी हाक मारली नसती. छप्पन साली दीक्षाभूमीवरून परत आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते नाव बदलायचं. पाटीवर खडूनं नवं नाव लिहून घेतलं आणि आठ दिवस ती पाटी पुसू दिली नाही. तुझं नाव धम्मदीपा त्यानं ठेवलं, नागपुरातून तार करून. तार म्हणजे एकेका शब्दावर विचार करायची वस्तू. "आणि त्याच्या नातीच्या नावाखाली तिच्या बापाचं नाव पुसून छापतात. दुभाषा. नुसतं दुभाषा. पलंगालासुद्धा नंबर असतो तिथे."

धम्मदीपानं सुरी घेऊन केक कापायला सुरुवात केली, तीन वाजायला तीन तास होते तरी. विपुलनं आतेबहिणीचे हात पाहिले आणि त्याचा पक्ष तिथल्या तिथे बदलला. ईमेल वगैरे नको, तो म्हणाला, टायमिंग चुकेल. तिचं होऊ द्या, मग काय ते बघू. बाप त्याच्याकडे अशा नजरेनं पाहू लागला की जणू मालाची तपासलेली पेटी परत उघडावी लागली.

सकाळी अरुणाबाई नवऱ्याच्या बाजूनं होत्या. बारा वाजून पाच मिनिटांनी लेकीवर संतापल्या होत्या. आता त्यांना दिसत होतं ते वेगळंच होतं. पंचवीस वर्षांच्या एका मुलानं परवान्यासाठी तोंड मिटलं होतं, आणि चौतीस वर्षांच्या त्याच्या मुलीनं शिक्क्यासाठी मिटलं होतं, त्याच इमारतीत, बहुधा त्याच मजल्यावर. राग कुणावर धरायचा हे त्यांना आता नेमकं कळलं होतं, आणि तो गृहस्थ तीनला फुलं घेऊन येणार होता.

"आज कुणी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "सुखदेव, तू तर नाहीच. माझी शपथ आहे तुला."

"ताई, शपथा आपण मानत नाही."

"मग माझा शब्द आहे."

तो सुखदेवांना मानावा लागला. पण मानताना त्यांनी एवढं विचारून घेतलं की भाऊजींना हे सगळं माहीत आहे का. तेवढ्यात भाऊजीच दारात उभे होते, मानेवर न्हाव्याची पावडर, हातात जर्दाळूंची पिशवी. चौघांच्या तोंडांकडे त्यांनी एकदा पाहिलं, कापलेल्या केककडे एकदा पाहिलं. मग जर्दाळू फार छान आलेत यंदा, असं म्हणाले.

मराठीत म्हणाले. त्यांची मराठी हा घरातला जुना चमत्कार होता. सासूबाई दम्यासाठी पाच हिवाळे ड्युसेलडॉर्फला येऊन राहिल्या, जावयाच्या हातचं औषध घेतलं आणि बदल्यात त्याला भाषा दिली. ती भाषा नागपूरची होती आणि बाईची होती. त्यामुळे प्रोफेसर दोत्तोर बर्तोलिनी गेली तीस वर्षं 'मी आली', 'मी जेवली' असं बोलत. सुरुवातीला हसून झालं, मग दुरुस्त करून झालं, मग घरानं हार मानली.

ओल्टमान्स तीनला एक मिनिट कमी असताना आले. उंच, नीटस, पांढऱ्या लिलींचा गुच्छ. जर्मनीनं मोठ्या मनानं इटलीला फायनल भेट दिली, हा विनोद त्यांनी दारातच करून टाकला आणि सगळे रीतसर हसले. त्यांनी केकची स्तुती केली, अरुणाबाईंच्या साडीची केली, धम्मदीपाला सर्वांसमोर 'आमची उद्याची आशा' म्हटलं. माणूस वाईट दिसत नव्हता, हीच पंचाईत होती. सुखदेवांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता आणि दिलेला शब्द त्यात बुडवून ठेवला होता.

मग पेल्यावर चमचा वाजला. ओल्टमान्स उभे राहिले, सात मिनिटं बोलले. सिल्वानोंची शिस्त, विद्यार्थ्यांवरचा जीव, तीन पुस्तकं. आणि शेवटी, मनापासून, त्यांनी ते सांगितलं: बर्तोलिनी नसते तर साठच्या दशकात क्लिनिकला आपले पाहुणे कामगार समजलेच नसते. भाषेची अशी देणगी विरळा. ते दोन जगांमधला पूल होते, आणि महान लिंडेमानांचं ऐतिहासिक काम या पुलावरूनच पार पडलं.

अरुणाबाईंनी भावाकडे पाहिलं. भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण कप हलला नव्हता.

वाढदिवस ज्याचा त्यानं उत्तर द्यायचं, ही इथली रीत. सिल्वानो उठले. त्यांनी आधी जर्मनमध्ये पाहुण्यांचे आभार मानले, फार सुंदर शब्दांत. मग म्हणाले, माझ्या मेहुण्याचं जर्मन बेताचं आहे, त्याच्यासाठी भाषांतर करायची परवानगी द्या. ओल्टमान्सनी हसून हात पसरले. जर्मन बेताचं असलेल्या, एकतीस वर्षं जर्मन फोरमनशी जर्मनमध्ये भांडलेल्या सुखदेवांनी कप खाली ठेवला.

"सुखदेवभाऊ," सिल्वानो मराठीत म्हणाले, आवाज अगदी सभेतला, चेहरा हसरा. "पाहुणे म्हणतात मी पूल होती. पुलावरून सगळे जातात, पुलाला कोणी बस म्हणत नाही. मी एकसष्ट साली इथे आली ती डॉक्टर होऊन आली. कागद नव्हता म्हणून मला दुभाषी लिहिलं. सकाळी सातपासून मी छात्या तपासल्या. चारशे बारा माणसं. एकेकाला जिना चढायला लावला, वर बसून त्याचा श्वास मोजला. काही माणसं तिसऱ्या पायरीवर बसून रडत. तो तक्ता मी केला. सही दुसऱ्यानं केली. मी बोलली नाही, मला कागद पाहिजे होता, आणि कागद त्याच्या हातात होता."

कुणाला हसू आलं नाही. ओल्टमान्स अधूनमधून मान हलवत होते, परक्या भाषेतलं भाषण ऐकताना सभ्य माणूस हलवतो तशी.

"माझ्या पोरीला पण कागद पाहिजे. तो ह्या पाहुण्याच्या हातात आहे. म्हणून ती बोलली नाही. मी तिच्यावर रागावली नाही. हे दुखणं तिला माझ्याकडून आलं आहे, मी त्याचीच डॉक्टर आहे. एकोणीस तारखेला तिचं मतदान होऊ द्या. वीस तारखेला मी पत्र लिहीन, मोठ्या पेपरला, माझ्या नावानं, चारशे बारा माणसांची वही जोडून. तोपर्यंत मी दुभाषी. आता टाळ्या वाजवा."

टाळ्या पहिल्या वाजवल्या त्या ओल्टमान्सनीच. विपुलनं वाजवल्या, अरुणाबाईंनी वाजवल्या. सुखदेवांनी वाजवल्या नाहीत. ते उठून भाऊजींच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते.

धम्मदीपानं हात मांडीवरच ठेवले होते. बापानं किती नीट बंदोबस्त केला होता ते तिला दिसत होतं. सांगायचं ते सगळं पाहुण्याच्या तोंडावर सांगून झालं होतं, घरानं ऐकलं होतं, मामांचं समाधान झालं होतं, आणि तिच्या अंगाला काही लागलं नव्हतं. तिनं फक्त अकरा दिवस काढायचे होते. आतापर्यंत काढले तसे.

"फार लांब भाषांतर झालं," ओल्टमान्स गमतीनं तिच्याकडे वळले. "मी तर एवढं बोललोही नव्हतो. काय म्हणाले तुमचे वडील?"

अरुणाबाई पुढे झाल्या. तुमचे आभार मानले, त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, आमच्याकडे आभार जरा लांबतात. आणि त्यांनी पाहुण्यांच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. आयुष्यात त्यांनी पाहुण्याला न विचारता वाढलेला हा पहिला तुकडा नव्हता, पण घाईनं वाढलेला पहिलाच होता.

"नाही, आई," धम्मदीपा म्हणाली.

मराठीत म्हणाली. सुखदेवांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

मग ती ओल्टमान्सकडे वळली आणि रोग्याला निदान सांगतात त्या आवाजात, जर्मनमध्ये, एकेक वाक्य सांगत गेली. पूल. बस न म्हणणं. डॉक्टर होऊन येणं. सकाळचे सात, चारशे बारा, तिसरी पायरी. कुठे काही गाळलं नाही, कुठे काही मऊ केलं नाही. सही आली तेव्हा ओल्टमान्सनी बशी टेबलावर ठेवली. कागद कुणाच्या हातात आहे ते आलं तेव्हा ते म्हणाले, फ्राऊ बर्तोलिनी, मला वाटतं एवढं पुरे.

"अजून थोडं राहिलंय," ती म्हणाली.

सिल्वानो खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. त्यांनी इटालियनमध्ये हळूच तिला काहीतरी म्हटलं, बहुधा थांब असं. ती थांबली नाही. बाप रागावला नाही, हेही सांगितलं. मग एकोणीस तारीख सांगितली, वीस तारीख सांगितली, पेपर, पत्र, वही.

"आणि ते वीस तारखेला नाही, सोमवारीच जाईल," ती म्हणाली. "त्याच्याखाली माझीही सही असेल, संपादक मंडळाची सदस्य म्हणून."

हे शेवटचं मूळ भाषणात नव्हतं. भाषांतरात आपल्या पदरचं घालू नये हा नियम तिच्या बापानं दुभाषा म्हणून तीन वर्षं पाळला होता.